स्पीकरच्या वायरीत तांबे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुकानात ‘स्पीकर वायर’ म्हणून काचेसारखी पारदर्शक पट्टी मीटरवर मिळते. दिसायला जाड, आत तांबूस झळाळी, एका कडेला लाल रेघ. सणासुदीला ठाणे-वाशीच्या बाजारांत तिला चांगली गिऱ्हाइकी असते. पण त्या जाडीतला बराचसा भाग प्लास्टिकचा असतो, आणि जे तांबूस दिसते ते पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम असते. दुसऱ्या टोकाला काही हजारांच्या केबली आहेत, मखमली पिशवीतल्या, दिशा दाखवणारे बाण छापलेल्या. ज्याला पैसा जपून वापरायचा आहे त्याने या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. घराच्या वायरिंगला वापरतात ती आयएसआय खुणेची तांब्याची मल्टीस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) वायर घेतली, तर दोन स्पीकरच्या केबली एका संध्याकाळी घरी होतात. त्या कशा कराव्यात आणि काम कुठे फसते, एवढ्यापुरते हे पत्र.

आधी माप. जुने दुकानदार वायर अजून ‘चौदा-छत्तीस’, ‘तेवीस-छत्तीस’, ‘चाळीस-छत्तीस’ अशा भाषेत देतात. पहिला आकडा आतल्या बारीक तारांचा, दुसरा त्या तारेच्या गेजचा. छत्तीस गेजची तार ०.१९३ मिलिमीटर व्यासाची असते. त्या हिशेबाने चौदा-छत्तीसमध्ये तांब्याचा छेद, म्हणजे वायर आडवी कापल्यावर दिसणारे तांब्याचे क्षेत्रफळ, जेमतेम ०.४ चौरस मिलिमीटर भरतो, तेवीस-छत्तीसमध्ये ०.६७ आणि चाळीस-छत्तीसमध्ये १.१७. चौदा-अडतीस त्याहून बारीक, फक्त ०.२५. इलेक्ट्रिशियन ज्यांना ‘दीडची’ आणि ‘अडीचची’ म्हणतात, त्या म्हणजे १.५ आणि २.५ चौरस मिलिमीटर.

हा छेद इतका का बघायचा? स्पीकरला जाणारा करंट लहान नसतो. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट द्यायचे तर वायरीतून अडीच अँपिअर जातात. ४ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट म्हणजे ५ अँपिअर. शिवाय तो जाऊन परत येतो, म्हणून ५ मीटरवरच्या स्पीकरसाठी हिशेब १० मीटर तांब्याचा धरायचा. कामापुरता नियम असा की, जाण्यायेण्याचा एकूण रोध, म्हणजे वायरीचा विजेला होणारा अडथळा, स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असावा. ८ ओहमला ०.४ आणि ४ ओहमला ०.२ ओहम. आता ५ मीटर अंतरावर चौदा-छत्तीसचा रोध ०.४२ ओहम होतो, म्हणजे ती ८ ओहमलाही बाद. तेवीस-छत्तीसचा ०.२६, ती ८ ओहमला चालेल, ४ ओहमला नाही. चाळीस-छत्तीसचा ०.१५, दीडचीचा ०.१३, अडीचचीचा ०.०८. त्यामुळे घरगुती संचाला दीडची पुरते. ४ ओहमच्या स्पीकरला तिने साडेसात मीटरपर्यंत आणि ८ ओहमच्या स्पीकरला १५ मीटरपर्यंत खुशाल जावे. अडीचची त्यापुढच्या अंतराला. ‘जाड ती चांगली’ म्हणून चारची आणणाऱ्याला ती स्पीकरच्या भोकात शिरतच नाही हे घरी आल्यावर कळते.

बारीक वायरीने आवाज नुसता कमी होत असता तर व्हॉल्यूम वाढवून भागले असते. पण स्पीकरवर छापलेले ८ ओहम हे नावापुरते असतात. काही स्वरपट्ट्यांत तो ५-६ ओहमवर उतरतो आणि खर्जात एका ठिकाणी २०-३० वरही चढतो. वायरीचा रोध मोठा असेल, तर ओहम उतरतात तिथे आवाज जास्त दबतो आणि चढतात तिथे कमी. म्हणजे आवाजाचा तोलच बदलतो. त्यात अ‍ॅम्प्लिफायरची वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) पडद्यावरची पकड ढिली होते. ढोलकीची थाप पडते आणि लगेच थांबत नाही, मागे घुमत राहते. याचा दोष बिचाऱ्या स्पीकरला दिला जातो.

सर्वांत मोठी बचत वायर कमी लागण्यात आहे. अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही स्पीकरच्या मध्ये ठेवता आला तर बघावे. अंतर डोळ्यांनी मोजू नये. सुतळी घेऊन ज्या वाटेने वायर जाणार त्याच वाटेने, स्कर्टिंगच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून, ती फिरवावी आणि मग दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर जास्त धरावे. डावी-उजवी वायर सारख्याच लांबीची हवी हा हट्ट नको. एक ३ मीटर आणि दुसरी ६ मीटर असली आणि दोन्ही वरच्या ५ टक्क्यांत बसत असल्या, तर कानाला फरक कळत नाही.

तयार दोन-कोअरची दीडची गोल वायर मिळाली तर काम सोपे. नाहीतर एकेरी लाल आणि एकेरी काळी घ्यावी. एकेरी वायर साधारणपणे ९० मीटरच्या कॉइलमध्ये येते. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून एक लाल आणि एक काळी कॉइल घेतली, तर प्रत्येकाला दोन्ही रंगांची साडेबावीस मीटर मिळते. टोकांची जास्तीची वायर धरूनही एवढ्यात दोन स्पीकर प्रत्येकी सुमारे १० मीटरवर ठेवता येतात. फ्लॅटचे नूतनीकरण चालू असलेल्या शेजाऱ्याकडे उरलेले तुकडे मिळाले तर तेही उत्तम, मात्र मध्ये जोड नको. जुन्या वायरिंगमधली ‘थ्री-ट्वेंटी’ ताठ असते, भिंतीलगत कायमची बसवायला चालते; पण जुन्या इमारतींत अ‍ॅल्युमिनियमच्याही वायरी निघतात, तेव्हा आधी खरवडून बघावी.

एकेरी वायरी एकमेकींपासून लांब ठेवल्या, एक पडद्यामागून आणि एक सोफ्याखालून, तर त्यांचे इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा अडथळा) वाढते आणि वरच्या पट्टीतली झिलई थोडी उतरते. त्यांना एकत्र पीळ द्यावा. दोन्हींची एका बाजूची टोके खिडकीच्या गजाला बांधावीत, दुसरी ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरावीत, वायर ताणून ठेवावी आणि अगदी हळू फिरवावे. मीटरमागे १५ ते २० पीळ पुरेत. ५ मीटरमागे वायर ८-१० सेंटीमीटर आखूड होते, तेवढी आधीच जास्त घ्यावी. मशीन बंद केल्यावर टोक एकदम सोडू नये. ताण हळू सैल करून वायरीला जितके उलटे फिरायचे तितके फिरू द्यावे आणि मगच कापावी. घाईने कापली की जमिनीवर जिलबी होते.

तांबे ओळखण्याबाबत मात्र सावकाश जावे, कारण पैसे इथेच बुडतात. आवरणावर आयएसआय खूण, आयएस ६९४ हा वायरीच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि छेदाचा आकडा छापलेला असतो. पारदर्शक पट्टीवर बहुधा यातले काहीच नसते. छापील मजकुरावर विश्वास ठेवायचा नसेल तर एक बारीक तार सुटी करून फरशीवर दाबून धरावी आणि ब्लेडच्या धारेने दोन-तीनदा खरवडावी. तांबूस तार आतून पांढरी निघाली तर ते अ‍ॅल्युमिनियम. उलटा प्रकारही असतो: बाहेरून पांढरी आणि आत तांबूस, ती कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार. ती उत्तम, खाडीकाठच्या हवेत तर अधिकच.

नुसते खरे तांबे असून भागत नाही, सांगितले तेवढे हवे. दीडचीत साधारणपणे ०.२५ मिलिमीटरच्या ३० किंवा ०.३ मिलिमीटरच्या २२ तारा असतात. तारा मोजायला दोन मिनिटे लागतात. त्याहून पक्की परीक्षा वजनाची. दीडचीचा ६० सेंटीमीटर तुकडा आवरण काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला तर ८ ग्रॅम भरायला हवा. ६ भरला तर तांबे खरे पण कमी घातले आहे. ३ च्या आसपास भरला तर मुलाम्याचे अ‍ॅल्युमिनियम. त्या मुलाम्याच्या वायरीचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. म्हणजे ती वापरूच नये असे नाही. दीडऐवजी अडीचची घ्यावी लागते आणि मग ती स्वस्त राहत नाही. शिवाय दोन-चारदा वाकवली की तिच्या तारा तुटतात, आणि कापलेल्या टोकाशी तांबे, अ‍ॅल्युमिनियम आणि दमट हवा एकत्र आली की अ‍ॅल्युमिनियम खात जाते, पांढरी भुकटी दिसू लागते.

तयार केबलचा रोध मोजायला साधा मल्टिमीटर उपयोगाचा नाही. त्याच्या स्वतःच्या प्रोब एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.२-०.३ ओहम दाखवतो, आणि आपल्याला मोजायचे आहे ०.१३. त्यावर सोपा इलाज आहे. १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीचा २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब घ्यावा. बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच बल्ब जोडावा, म्हणजे पुढे कुठे शॉर्ट झाले तरी बल्ब फक्त पेटतो, बाकी काही जळत नाही. बल्बनंतर केबलची लाल तार. केबलच्या पलीकडच्या टोकाला लाल-काळी एकत्र पिळलेली. आणि काळी परत बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब पेटला की साधारण पावणेदोन अँपिअर वाहतात. आता मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून केबलच्या अलीकडच्या लाल आणि काळ्या टोकांमध्ये मोजावे. ५ मीटरच्या दीडच्या वायरीवर पाव व्होल्टच्या किंचित आत आकडा यायला हवा, ०.२३-०.२४. ०.३७ आला तर वायर मुलाम्याची. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर आधी टोकांचे जोड तपासावेत.

टोकांकडे वळू, कारण वायर चांगली असूनही आवाज खरखरतो तो इथे. एका स्पीकरच्या केबलला चार टोके, दोघांची आठ. दीडच्या वायरीला तांब्याचे, कथलाचा मुलामा असलेले पिन लग मिळतात, म्हणजे तारांवर दाबून बसवायच्या, पुढे पिन असलेल्या छोट्या नळ्या. टोकाचे आवरण लगच्या नळीइतके आणि वर एक मिलिमीटर एवढेच सोलावे. सोलताना ब्लेडने तीसपैकी तीन-चार तारा तुटल्या तर रोधात फारसा फरक पडत नाही, पण वायर पुढे वाकते ती नेमकी त्या जागी आणि उरलेल्या तारा तिथेच एकेक करून तुटतात. म्हणून वायर स्ट्रिपर वापरावा किंवा ब्लेड फक्त आवरणावर गोल फिरवून आवरण बोटांनी ओढावे. तारा उजवीकडे हलका पीळ देऊन एकत्र कराव्यात, सगळ्या नळीत गेल्या याची खात्री करावी आणि क्रिंपिंग टूलने दाबावे. पकडीने चेपलेला लग त्या दिवशी घट्ट वाटतो. तो फक्त चपटा झालेला असतो, तारा आत दाटून एकजीव झालेल्या नसतात. टूल विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी मिळते. दाबल्यावर लग जोरात ओढून बघावा. हातात आला तर बरेच झाले, आत्ताच आला.

स्प्रिंगच्या खटक्याच्या टर्मिनलमध्ये दीडच्या पिन लगची पिन बहुतेक ठिकाणी बसते, अडीचच्याची अडते. स्क्रूच्या टर्मिनलला पिन किंवा काटा-लग. बनाना प्लग घ्यायचे तर बाजूला बारीक स्क्रू असलेले स्वस्त मिळतात. त्यात उघड्या तारा घातल्या तर स्क्रूचे टोक त्या कापते, म्हणून आधी पिन लग आणि त्यावर स्क्रू.

तारांना सोल्डर लावून मग स्क्रूखाली दाबण्याची पद्धत फार रूढ आहे, आणि ती चुकीची आहे. सोल्डर मऊ असते; स्क्रूच्या दाबाखाली ते महिनोन्‌महिने हळूहळू पसरत राहते. स्क्रू कोणी हात न लावता ढिला होतो आणि आवाज वाढवला की खर्र-खर्र सुरू होते. सोल्डर करायचेच तर सोल्डरच्या प्लगला करावे. पितळी प्लगला २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. पितळ उष्णता खाऊन टाकते आणि सोल्डर दाणेदार, मळकट थिजते. तो ड्राय, म्हणजे कच्चा जोड. ३५-४० वॉटचे आयर्न, ६०/४० चे राळ भरलेले सोल्डर, आणि आधी प्लग तापवून मग त्यावर सोल्डर वितळवावे. आयर्नच्या टोकावर वितळवून थेंब टाकू नये. चांगला जोड चकचकीत दिसतो. पत्र्याच्या कामाची आम्लयुक्त पेस्ट मुळीच नको, उरलेले आम्ल तांबे खात राहते. या सोल्डरमध्ये शिसे असते, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी आणि नंतर हात धुवावेत.

हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आकसून घट्ट बसणारी नळी) एकेका तारेवर ४-५ मिलिमीटरची, पॉझिटिव्हला लाल आणि निगेटिव्हला काळी. दोन्ही तारा जिथे फुटतात तिथे १० मिलिमीटरची. लग किंवा प्लग लावण्याआधी स्लीव्ह वायरीवर चढवून मागे सरकवून ठेवावी. हे वाचताना कोणालाही हसू येईल, पण आठ टोकांत एकदा तरी विसरतेच.

केबल जोडण्याआधी, दोन्ही बाजू मोकळ्या असताना, मल्टिमीटर बझरवर ठेवून तपासावी: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल ते लाल बझर वाजला पाहिजे, काळी ते काळी वाजला पाहिजे, लाल ते काळी अजिबात नाही. टोके हलवत तपासावे. सुटलेली एक केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट आयसी जाऊ शकतो. स्पीकरला जोडल्यावर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा: सेलचे पॉझिटिव्ह लाल तारेला दिले की वूफरचा पडदा बाहेर यायला हवा. एक स्पीकर बाहेर येतो आणि दुसरा आत जातो असे झाले, तर एकाची तार उलटी आहे. असा संच वाजतो खरा, पण खर्ज गायब होतो आणि गायकाचा आवाज मधून यायचा तो खोलीभर विखुरतो.

दोन चुका अशा आहेत की त्यांत फक्त आवाज बिघडत नाही. वायर वाचवण्यासाठी दोन्ही स्पीकरना एकच सामाईक निगेटिव्ह नेणे ही पहिली. टीपीए ३११६ किंवा टीडीए ७२९७ आयसीवरची जी स्वस्त बोर्डे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात, त्यांत स्पीकरचे निगेटिव्ह हे ग्राउंड नसते. तिथेही अ‍ॅम्प्लिफायरचेच आउटपुट असते. दोन्ही निगेटिव्ह एकत्र आले की दोन आउटपुट एकमेकांत शॉर्ट. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र तारा हव्यात.

दुसरी चूक मंडळांच्या आणि सोसायट्यांच्या सामानात सर्रास दिसते: स्पीकरच्या वायरीला भिंतीचा टू-पिन टॉप. स्वस्त, मजबूत, कुठेही मिळणारा. पण गर्दीत, अंधारात, मदतीला आलेला कोणी तो समोरच्या बोर्डात खुपसतो आणि २३० व्होल्ट थेट स्पीकरच्या कॉइलवर जातात. टॉप दोन्ही टोकांना असेल तर दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर सप्लाय येतो, आणि त्या कोणाच्या तरी हातात असतात. अशा सामानाला स्पीकॉन कनेक्टर वापरावेत, ते भिंतीच्या सॉकेटमध्ये जातच नाहीत. घरातही जोडीचे बनाना प्लग टाळावेत. त्यांच्या दोन पिनांतले अंतर १९ मिलिमीटर असते आणि आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटचेही तेवढेच. झडप नसलेल्या जुन्या सॉकेटमध्ये लहान मूल ते सहज घालू शकते. सुटे, एकेरी बनाना बरे. याच कारणाने स्पीकरची लाल-काळी वायर लाइटच्या केसिंगमधून नेऊ नये आणि दर मीटरवर ‘स्पीकर’ लिहिलेली चिकटपट्टी गुंडाळावी. पुढे कधी वायरमन आला तर त्याला ती दिव्याची वाटायला नको.

बाकीच्या गोष्टींवर खर्च करू नये. ‘ऑक्सिजन-फ्री’ तांबे साध्या चांगल्या तांब्यापेक्षा फार तर एक टक्का सुवाहक असते. स्पीकरच्या वायरीला जाळीचे कवच लागत नाही, ते माइकच्या आणि आरसीएच्या वायरीला लागते. लॅन केबलच्या वेण्या घालण्याचे वेड काहींना असते. एका लॅन केबलच्या चार तारा एकत्र केल्या तरी ०.८ चौरस मिलिमीटरच होतात, आठ टोके सोलता सोलता संध्याकाळ जाते, आणि तीन-चार केबलींची घट्ट वेणी घातली की कपॅसिटन्स (तारांमध्ये वीज साठण्याचा गुण) इतके वाढते की काही अ‍ॅम्प्लिफायर कानाला ऐकू न येणाऱ्या कंपनांत जाऊन नुसतेच तापतात. बाणांबद्दल काय लिहावे? स्पीकरमधला करंट सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, विशेषतः खाडीच्या बाजूला, उघडे तांबे एका पावसाळ्यात काळवंडते आणि पुढे हिरवे होते. आवरणाखालचा हिरवा रंग फारसा नुकसान करत नाही, टर्मिनलमधला करतो. लग न लावता उघड्या तारा अडकवल्या असतील तर दसऱ्याच्या साफसफाईत दोन्ही टोके एक-एक सेंटीमीटर कापून नव्याने सोलावीत. सुरुवातीला अर्धा मीटर जास्त ठेवायला सांगितला तो यासाठीच.

वायर विकणाऱ्यांना आपल्या पत्रामार्फत एक विनंती आहे. पारदर्शक पट्टीच्या भेंडोळ्यावर ‘हेवी’, ‘प्रो’ असे शब्द असतात. त्याऐवजी आतल्या धातूचे नाव आणि छेद चौरस मिलिमीटरमध्ये लिहावा. गिऱ्हाइकांनीही काउंटरवर ब्लेड मागून घ्यावे आणि एक तार तिथेच खरवडून बघावी.

कळावे,
ध्वनियंत्रणा जोडणी व दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक,
ऐरोली, नवी मुंबई